पळालेली बाई, पाठलाग आणि पडदा

मुंबईत गुन्हा कुठंही घडो, त्यातले रक्ताचे डाग, व्हिसेरा, काडतुसांच्या पुंगळ्या तपासणीसाठी जातात त्या सांताक्रूझ पूर्वेला, कलिन्यात. राज्याची न्यायसहायक वैज्ञानिक प्रयोगशाळा तिथं आहे. तिथलं काम सावकाश चालतं आणि ते तसंच चालायला हवं. २०२० च्या ऑगस्टमध्ये याच कलिन्यात, डीआरडीओच्या अतिथिगृहाबाहेर, ओबी व्हॅनची रांग लागली होती. अभिनेता सुशांतसिंह राजपूतच्या मृत्यूचा तपास करायला आलेलं सीबीआयचं पथक तिथं उतरलं होतं. २८ ऑगस्टला सुशांतची मैत्रीण, अभिनेत्री रिया चक्रवर्ती हिला तिथं चौकशीसाठी बोलावलं, तेव्हा तिच्या गाडीमागे वाहिन्यांच्या गाड्या धावत होत्या. सुशांतच्या व्हिसेऱ्याची तपासणी त्याआधीच कलिन्याच्या प्रयोगशाळेत झाली होती आणि त्यात विष आढळलं नव्हतं. त्या अहवालाला पडद्यावर फारशी जागा मिळाली नाही. पाठलागाला मात्र चोवीस तास मिळाले.

हा पाठलाग त्याच्या काही आठवडे आधी सुरू झाला होता. जुलैअखेर पाटण्यात रियाविरुद्ध, सुशांतला आत्महत्येस प्रवृत्त केल्याचा गुन्हा दाखल झाला, बिहार पोलिसांचं पथक मुंबईत आलं आणि ऑगस्टच्या पहिल्या आठवड्यात बिहारचे तेव्हाचे पोलीस महासंचालक गुप्तेश्वर पांडे माध्यमांना सांगू लागले की ती संपर्कात नाही, ती फरार आहे. एवढ्यावर ‘रिया कुठे आहे?’ हा प्रश्न वाहिन्यांवर झळकू लागला. वस्तुस्थिती अशी होती की मुंबई पोलिसांनी जूनमध्येच तिचा जबाब नोंदवला होता. जुलैत तिनं स्वतःच सीबीआय चौकशीची जाहीर मागणी केली होती. पाटण्याचा गुन्हा मुंबईकडे वर्ग करावा म्हणून तिचा अर्ज सर्वोच्च न्यायालयापुढे होता. देशातल्या सर्वांत मोठ्या न्यायालयात स्वतःच्या नावानं अर्ज करून बसलेल्या व्यक्तीला फरार म्हणण्यात किती विसंगती आहे, हे सांगायला कायद्याची पदवी लागत नाही.

तरीही कायदा काय म्हणतो ते पाहू. कोणाला फरारी घोषित करायचं असेल तर त्याची पद्धत ठरलेली आहे. तेव्हा ती दंड प्रक्रिया संहितेच्या कलम ८२ मध्ये होती, आता भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम ८४ मध्ये आहे. आधी न्यायालयानं वॉरंट काढलेलं असलं पाहिजे. ते बजावलं जाऊ नये म्हणून माणूस पळाला आहे किंवा लपून बसला आहे, अशी न्यायालयाची खात्री पटली पाहिजे. मग लेखी उद्‍घोषणा निघते. हजर होण्यासाठी किमान तीस दिवसांची मुदत द्यावी लागते. ती उद्‍घोषणा त्या माणसाच्या गावात किंवा शहरात जाहीरपणे वाचतात, त्याच्या घरावर आणि न्यायालयाच्या इमारतीवर चिकटवतात. म्हणजे ज्याला शोधायचं त्याला निरोप पोहोचावा, यासाठीच ही सगळी खटपट आहे. वृत्तवाहिनीवर तीस दिवस कोण थांबणार? तिथं तीस मिनिटांनी नवं बुलेटिन असतं.

पळालेल्या बाईची गोष्ट आणि तिच्यामागे लागलेली वर्तमानपत्रं, हा प्रकार मुंबईला नवा नाही. शंभर वर्षांपूर्वी या शहरात असंच एक प्रकरण घडलं. त्यापायी एक महाराजा गादीवरून उतरला आणि प्रकरण घडलं त्याच वर्षी त्यावर एक चित्रपटही निघाला. बावला खून खटला म्हणून जुन्या पिढीतल्या मराठी वाचकांना तो माहीत असे. आज तो पुन्हा तपशिलात वाचायला हवा, कारण २०२० मध्ये नेमकं काय बिघडलं हे त्यातून फार स्पष्ट दिसतं.

१२ जानेवारी १९२५ ची संध्याकाळ. मलबार हिलवर एक मोटार चालली होती. आत अब्दुल कादर बावला हा पंचविशीतला श्रीमंत व्यापारी, त्याचा मॅनेजर आणि मुमताज बेगम. मागून दुसरी मोटार आली आणि तिनं धडक दिली. त्यातून उतरलेल्या माणसांनी बावलावर गोळ्या झाडल्या, मॅनेजरला जखमी केलं आणि मुमताजला ओढून आपल्या गाडीत कोंबायचा प्रयत्न केला. तिनं प्रतिकार केला तेव्हा तिच्या चेहऱ्यावर सुऱ्याचे वार झाले. हे प्रकरण तिथंच संपलं असतं, मुमताजला रात्रीत शहराबाहेर नेलं असतं आणि कदाचित कोणाला पत्ताही लागला नसता. पण गोल्फ खेळून परतणारे काही ब्रिटिश लष्करी अधिकारी नेमके त्या रस्त्यानं आले. त्यातला लेफ्टनंट सीगर्ट गोळ्या लागूनही हल्लेखोरांशी झुंजला, गोल्फची काठी शस्त्रासारखी वापरली गेली आणि काही हल्लेखोर जागीच पकडले गेले. बावला वाचला नाही. मुमताज वाचली.

पकडलेली माणसं इंदूरची होती. चौकशी पुढं गेली तसे आरोपींत इंदूर संस्थानचे नोकर आणि अधिकारी दिसू लागले. मुमताज ही इंदूरच्या महाराजांच्या, तिसऱ्या तुकोजीराव होळकरांच्या दरबारात नर्तकी म्हणून आलेली आणि पुढं त्यांच्या अंतःपुरात ठेवलेली मुलगी. तिला तिथं कमलाबाई असं नाव दिलं होतं. आपल्याला मुलगी झाली आणि दायांनी ती मारली, त्यानंतर इंदुरात राहायची इच्छा उरली नाही, असं तिनं पुढं न्यायालयात सांगितलं. मसुरीला जाण्याच्या प्रवासात दिल्लीला तिनं पुढं यायला नकार दिला आणि ती सुटली. मग अमृतसर, मग इतरत्र, शेवटी मुंबई. ती पळाली ती राजवाड्यातून. कायद्याच्या लेखी ती एक प्रौढ स्त्री होती आणि तिला हवं तिथं राहता येत होतं. पण तिच्यामागे लागलेल्यांना हे मान्य नव्हतं. बावलानं तिला सोडावं म्हणून त्याच्यावर दबाव आला, धमक्या आल्या. त्यानं ऐकलं नाही.

खटला मुंबई उच्च न्यायालयात न्यायमूर्ती क्रम्प यांच्यापुढे, ज्यूरीसह चालला. सरकारच्या बाजूनं ॲडव्होकेट जनरल जमशेदजी कांगा उभे होते. इंदूरचे सरदार आनंदराव फणसे यांच्या बचावासाठी बॅरिस्टर महंमदअली जीना होते. नऊ आरोपींपैकी सात जणांवर गुन्हा शाबीत झाला. मे १९२५ मध्ये तिघांना फाशीची आणि चौघांना जन्मठेप काळ्या पाण्याची शिक्षा सुनावली गेली. हल्ल्याचा धागा इंदुरापर्यंत जातो, हे न्यायमूर्तींनी लपवलं नाही. पण महाराजा स्वतः आरोपी नव्हता आणि मुंबईच्या न्यायालयाला त्याला आरोपी करताही येत नव्हतं.

आता वर्तमानपत्रांकडे वळू. कारण माझ्या मते या प्रकरणाचा खरा कणा तिथं आहे.

संस्थानिकांवर टीका करणं त्या काळी सोपं नव्हतं. १९२२ मध्ये सरकारनं संस्थानिक संरक्षण कायदा आणला होता. संस्थानिकाविषयी द्वेष, अवमान किंवा अप्रीती पसरवणारा मजकूर छापणं हा त्यानं गुन्हा ठरवला. कायदेमंडळानं हे विधेयक नाकारलं, तेव्हा व्हाइसरॉय लॉर्ड रीडिंग यांनी आपला खास अधिकार वापरून ते मंजूर करून घेतलं. त्यामुळं एखाद्या संपादकानं स्वतःहून होळकरांच्या अंतःपुराविषयी लिहिलं असतं तर तो अडचणीत आला असता. पण उच्च न्यायालयात शपथेवर दिलेली साक्ष, उलटतपासणीत निघालेली माहिती, वकिलांचा युक्तिवाद हे छापायला कोणी हरकत घेऊ शकत नव्हतं. म्हणून तो खटला म्हणजे वर्तमानपत्रांना मिळालेलं एक दुर्मीळ दार होतं, आणि ते सगळे त्यातून आत घुसले. मुंबई, पुणे, लंडन, न्यूयॉर्क, सगळीकडे मुमताजच्या साक्षीचे रकाने भरले. लोक न्यायालयाबाहेर गर्दी करत. तिच्या रूपावर, तिच्या पेशावर, तिच्या चेहऱ्यावरच्या व्रणांवर वाटेल ते लिहिलं गेलं, हेही खरं. नर्तकी म्हटल्यावर तिच्या शब्दाला किती किंमत द्यायची, असा सूर त्यात होताच. मराठी समाजात होळकरांविषयी सहानुभूती बाळगणारेही पुष्कळ होते. मल्हारराव आणि अहिल्याबाईंची गादी, आणि ब्रिटिश सरकार निमित्त साधून एका मराठी संस्थानिकाला नमवत आहे, ही भावना त्यामागे होती. ती सगळीच खोटी होती असं म्हणता येणार नाही. साम्राज्य कोणाला कधी नैतिकता शिकवतं, याचे हिशेब त्याचे त्याचे असतात.

एवढं सगळं असूनही त्या गदारोळाचा पाया न्यायालयातली साक्ष हा होता. मुमताजनं जे सांगितलं ते शपथेवर सांगितलं. समोरच्या नामांकित बॅरिस्टरांनी ते तपासलं, उलटं-सुलटं केलं. मगच ते छापखान्यात गेलं. म्हणून वाचकाच्या मनात जो प्रश्न तयार झाला तो ‘ती कुठे पळाली?’ हा नव्हता. प्रश्न असा झाला की तिच्यामागे एवढी माणसं, मोटारी आणि पिस्तुलं कोणी पाठवली? जनमत तापलं आणि सरकारला तुकोजीरावांपुढे दोन पर्याय ठेवावे लागले: चौकशी आयोगाला सामोरं जा किंवा गादी सोडा. फेब्रुवारी १९२६ मध्ये त्यांनी मुलगा यशवंतराव याच्यासाठी गादी सोडली. दोन वर्षांनी त्यांनी नॅन्सी मिलर या अमेरिकन तरुणीशी लग्न केलं, ती शर्मिष्ठादेवी झाली आणि जगभरच्या वर्तमानपत्रांना पुन्हा होळकरांची बातमी मिळाली. मुमताजचं नाव त्या पानांवरून हळूहळू उतरत गेलं.

या प्रकरणावरचा चित्रपट म्हणजे ‘कुलीन कांता’. १९२५ चा मूकपट. द्वारकादास संपतांच्या कोहिनूर फिल्म कंपनीनं काढलेला, होमी मास्टर दिग्दर्शक, मोहनलाल दवे लेखक, भूमिकांत मिस मोती आणि खलील. महाराजाला नकार देऊन मुंबईत आसरा शोधणारी नर्तकी, तिच्यामागचा ससेमिरा आणि खून, ही ताजी घटना कोहिनूरनं त्याच वर्षी पडद्यावर आणली. हे धाडस या कंपनीला शोभणारंच होतं. चार वर्षांपूर्वी याच कोहिनूरच्या ‘भक्त विदुर’मध्ये स्वतः द्वारकादास संपत खादी नेसून, गांधीटोपी घालून विदुराच्या भूमिकेत उतरले होते आणि त्या पौराणिक चित्रपटावर कराची आणि मद्रासमध्ये बंदी आली होती. आजची गोष्ट जुन्या वेषात सांगायची कला त्यांना अवगत होती. ‘कुलीन कांता’मध्ये त्यांनी जुना वेषही जवळजवळ टाकून दिला. मुंबईत तेव्हा चित्रपट सेन्सॉर मंडळ येऊन पाच वर्षं झाली होती, संस्थानिकांच्या संरक्षणाचा कायदा डोक्यावर होता आणि तरीही हा विषय निवडला गेला. मला त्या माणसांचं मनापासून कौतुक वाटतं.

अशा चित्रपटात रहस्य कशाचं असतं? प्रेक्षकानं सगळं वर्तमानपत्रात वाचलेलंच असतं. खून कोणी केला, पकडले कोण गेले, शिक्षा काय झाली, हे त्याला पाठ असतं. मग तो तिकीट काढून काय पाहायला जातो? तो त्या बाईच्या बाजूनं पाहायला जातो, असं मला वाटतं. वर्तमानपत्र नेहमी पाठलाग करणाऱ्याच्या जागेवरून लिहितं: अमुक ठिकाणी दिसली, तमुक ठिकाणी उतरली, आता सापडली. चांगला थरारपट कॅमेरा तिच्या जागेवर नेतो. मागच्या मोटारीचा आवाज तिला ऐकू येतो, ओळखीचा माणूस दारात दिसला की तिच्या पोटात खड्डा पडतो. आपल्याकडं सुमारे तेराशे मूकपट निघाले आणि त्यातले जेमतेम दोन-तीन डझन आज पूर्ण किंवा अर्धवट शिल्लक आहेत. त्या नुकसानीत अशा चित्रपटांचं जाणं मला सर्वांत जास्त सलतं, कारण एका शहरानं स्वतःकडे पाहण्याची ती पहिली धडपड होती.

जागा बदलण्याचं हे काम जगात ज्या चित्रपटानं फार ताकदीनं केलं तो जर्मन आहे. हाइनरिख बोल यांच्या १९७४ च्या कादंबरीवर फोल्कर श्लोन्डॉर्फ आणि मार्गारेटे फॉन ट्रॉटा यांनी पुढच्याच वर्षी ‘कातारिना ब्लूमचा हरवलेला सन्मान’ हा चित्रपट केला. घरकाम करणारी एक साधी तरुणी एका रात्री एका माणसाला आसरा देते. पोलीस त्याच्या मागावर असतात आणि तो निसटतो. झालं. एक वर्तमानपत्र तिच्या मागे लागतं. तिची आजारी आई, घटस्फोटित नवरा, तिचे मालक, सगळ्यांच्या तोंडी हवी ती वाक्यं घातली जातात. पोलीस वार्ताहराला माहिती पुरवतात आणि वार्ताहर पोलिसांना. शेवटी ती त्या वार्ताहराला गोळी घालते. पळत असतो तो पुरुष, पण शिकार होते ती बाईची. पोलीस आणि पत्रकार यांच्यातली ही देवघेव बोल यांनी तेव्हा दाखवली. आपल्याकडं ती २०२० मध्ये उघडपणे पडद्यावर आली.

कलिन्याच्या त्या अतिथिगृहाबाहेर साक्ष नव्हती, शपथ नव्हती, उलटतपासणी नव्हती. आरोपपत्र तर दूरच होतं. होते ते सूत्रांच्या हवाल्यानं आलेले फोनमधले संदेश, अर्धवट बँक हिशेब, काळ्या जादूच्या गोष्टी. तिच्या इमारतीच्या फाटकाशी आलेल्या डिलिव्हरी करणाऱ्या माणसांनाही माइक घेऊन घेरलं गेलं. या वेडामागे एक अर्थकारण आहे. तेव्हा बार्क ही संस्था देशभरातल्या सुमारे ४४ हजार घरांत बसवलेल्या मीटरवरून प्रेक्षकसंख्या मोजत असे आणि दर आठवड्याला आकडे जाहीर करत असे. वृत्तवाहिन्यांचे प्रेक्षक एकूण प्रेक्षकांच्या मानानं थोडे, म्हणजे थोड्याशा घरांतला बदलही क्रमवारी हलवतो. वार्ताहर पाठवून, कागद तपासून बातमी मिळवायला पैसा आणि वेळ लागतो. स्टुडिओत आठ चौकटी मांडून भांडण लावायला फारसं काही लागत नाही. फाटकाबाहेर उभा केलेला एक कॅमेरा दिवसभर तेच दृश्य दाखवू शकतो, आणि ‘ती आता बाहेर येईल’ या आशेवर माणूस बसून राहतो. थरारपटाची ही जुनी युक्ती आहे. फरक एवढाच की इथं तिच्यापुढे खरा तुरुंग होता. ८ सप्टेंबरला अमली पदार्थविरोधी विभागानं तिला अटक केली आणि महिनाभर ती भायखळ्याच्या तुरुंगात होती.

७ ऑक्टोबरला मुंबई उच्च न्यायालयाचे न्यायमूर्ती सारंग कोतवाल यांनी तिला जामीन दिला. अमली पदार्थांच्या विक्रेत्यांच्या साखळीचा ती भाग असल्याचं दिसत नाही, असं त्यांनी नोंदवलं. प्रसिद्ध व्यक्तींना जास्त कडक वागवून उदाहरण घालून द्यावं, हा सरकारी युक्तिवादही त्यांनी मानला नाही: कायद्यापुढे प्रसिद्ध माणसाला सवलत नाही, तशी जादा शिक्षाही नाही. त्याच आठवड्यात वाहिन्यांच्या स्वनियमन संस्थेनं काही हिंदी वाहिन्यांना जाहीर माफी मागायला लावली आणि सुशांतच्या नावे खोटी ट्विट दाखवल्याबद्दल एका वाहिनीला १ लाख रुपये दंड केला. पुढं टीआरपीतल्या कथित फेरफाराचा तपास मुंबई पोलिसांनी जाहीर केला, तेव्हा बार्कनं वृत्तवाहिन्यांचे साप्ताहिक आकडेच थांबवले. ते मार्च २०२२ मध्ये पुन्हा सुरू झाले.

सर्वांत महत्त्वाचा दस्तऐवज मात्र १८ जानेवारी २०२१ चा आहे. चित्रपट निर्माते नीलेश नवलखा आणि इतरांच्या, तसंच महाराष्ट्रातल्या निवृत्त वरिष्ठ पोलीस अधिकाऱ्यांच्या याचिकांवर मुख्य न्यायमूर्ती दीपांकर दत्ता आणि न्यायमूर्ती गिरीश कुलकर्णी यांनी निकाल दिला. गुंता असा होता. १९७१ च्या न्यायालय अवमान कायद्यात ‘प्रलंबित’ फौजदारी प्रकरणाला जे संरक्षण आहे, ते सर्वसाधारणपणे आरोपपत्र दाखल झाल्यावर किंवा समन्स-वॉरंट निघाल्यावर सुरू होतं. त्याआधीचा तपासाचा काळ उघडाच राहतो, आणि नेमका तोच काळ वाहिन्यांच्या फायद्याचा असतो. खंडपीठानं स्पष्ट सांगितलं की तपास चालू असताना केलेली मीडिया ट्रायल न्यायदानात अडथळा आणते आणि ती अवमान ठरू शकते. दोन वाहिन्यांचं वार्तांकन सकृद्दर्शनी अवमानकारक असल्याचं नोंदवलं, पण कारवाई केली नाही. काय टाळावं हेही सांगितलं. मृत व्यक्तीला दुबळ्या मनाचं ठरवू नये. आरोपीच्या चारित्र्यावर बोलू नये. साक्षीदारांच्या मुलाखती घेऊ नयेत. पोलिसांपुढे दिलेला कथित कबुलीजबाब, जो पुरावा म्हणून ग्राह्यच नसतो, तो प्रमाण मानून दाखवू नये. गुन्ह्याचा प्रसंग पडद्यावर रचून दाखवू नये. तपासाची पुढची पायरी काय असेल याचे अंदाज करू नयेत. सरकार नवे नियम करेपर्यंत छापील माध्यमांसाठीची प्रेस कौन्सिलची मार्गदर्शक तत्त्वं वाहिन्यांनीही पाळावीत, असा आदेश झाला.

या यादीच्या शेजारी १९२५ ठेवून पाहा. मुमताजची साक्ष, तिच्या मुलीविषयीचं तिचं म्हणणं, इंदूरचा धागा, यातलं काहीही आजच्या नियमांनी अडलं नसतं, कारण ते सगळं खुल्या न्यायालयात आलं होतं. ‘कुलीन कांता’नं घटना रचून दाखवली तीही कथा म्हणून, नाव बदलून. नियम जे अडवतात ते वेगळंच आहे: तपासातल्या अर्ध्या कच्च्या माहितीवर एखाद्या माणसाचा निकाल लावणं. वर्तमानपत्रांनी सत्ताधाऱ्यांचा पाठलाग करण्यावर त्यात कुठंही बंदी नाही. उलट १९२५ च्या मुंबईनं तो करून दाखवला.

वाहिन्यांइतकीच दुरुस्ती पोलिसांच्या बाजूनंही व्हायला हवी. माहिती झिरपते ती तिथूनच, आणि ‘फरार’ हा शिक्का पहिल्यांदा कॅमेऱ्यापुढे मारला तो एका पोलीस महासंचालकानंच. सप्टेंबर २०२३ मध्ये, मुंबईतल्या चकमकींविषयी पीपल्स युनियन फॉर सिव्हिल लिबर्टीजनं लढवलेल्या जुन्या प्रकरणात, सर्वोच्च न्यायालयानं केंद्रीय गृहमंत्रालयाला पोलिसांनी माध्यमांना माहिती कशी द्यावी याची नियमपुस्तिका तीन महिन्यांत तयार करायला सांगितलं. मार्च २०२५ मध्ये सीबीआयनं सुशांतच्या मृत्यूच्या प्रकरणात तपास बंद करण्याचे अहवाल न्यायालयात दाखल केले. कोणी त्याला आत्महत्येस प्रवृत्त केल्याचा पुरावा मिळाला नव्हता. अमली पदार्थांचा खटला वेगळा आहे आणि तो न्यायालयात आपल्या गतीनं चालेल. पण ज्या आरोपावरून ती फरार असल्याचं देशाला सांगितलं गेलं, त्यात अटकेचं वॉरंट कधीच निघालं नव्हतं.